सहल एकाच टेकडीवर, वर्षातून दोनदा: पुण्यातल्या शाळांना खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्याध्यापक, सहल समितीचे सदस्य आणि भूगोल-विज्ञानाचे शिक्षक,
पुणे शहर व परिसरातील सर्व माध्यमांच्या शाळा

स. न. वि. वि.

यंदाच्या सहलींचे बेत पक्के होण्याआधी एक मागणी आपल्यापुढे ठेवतो आहोत. सहावी ते नववीच्या प्रत्येक वर्गाला वर्षातून दोनदा शाळेजवळच्या टेकडीवर न्या: एकदा पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये, एकदा मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला. टेकडी तीच, टेकडीवरचा शंभर-दीडशे मीटरचा टापूही तोच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत. त्यातल्या दोन सकाळी आम्ही मागतो आहोत. बस ठरवायची नाही, मुक्कामाची सोय पाहायची नाही.

जागा बदलू नका म्हणतो, त्याला कारण आहे. दगडाची माती होते, माती पाणी धरते, पाण्यावर गवत येतं, गवतावर किडे आणि किड्यांवर पक्षी. पाठ्यपुस्तकात यातला दगड भूगोलात असतो आणि किडा विज्ञानात. टेकडीच्या एकाच उतारावर हे सगळं हाताच्या अंतरावर सापडतं आणि एकामुळे दुसरं कसं होतं ते मुलांना तपासून पाहता येतं. दिवसभरात दहा पॉइंट दाखवणाऱ्या सहलीत ते होत नाही, कारण कुठेच वीस मिनिटं बसायला मिळत नाही.

उदाहरण म्हणून वेताळ टेकडी घेऊ. बाणेर, तळजाई, हनुमान टेकडी, कात्रजकडचे डोंगर, कुठेही हेच लागू आहे. वेताळ टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे आणि खालचं शहर साधारण ५६० मीटरवर. वर जुनी दगडखाण आहे. तिच्या उभ्या भिंतीत टेकडीचं पोट उघडं पडलं आहे. खाणीच्या काठापासून मात्र किमान पाच मीटर लांब, समोरच्या बाजूने आणि दुर्बिणीतून पाहायचं. काठ सुटा असतो आणि खाली पाणी असतं.

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करा, कारण तो शिक्षकांकडूनही ऐकू येतो. ही टेकडी म्हणजे विझलेला ज्वालामुखी नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि आडवा पसरत गेला. तो थंड झाला, काही काळ गेला, त्यावर पुन्हा नवा थर आला. असे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं. आज त्याचा विस्तार सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे आणि पश्चिमेकडे थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. टेकडी वर उचलली गेलेली नाही. आजूबाजूचं सगळं झिजून वाहून गेलं आणि ही उरली. मुलांना माथ्यावर उभं करून आसपासच्या डोंगरांचे सपाट माथे आणि उतारांवरच्या पायऱ्या दाखवा. समोरासमोरच्या डोंगरांवर पायऱ्या साधारण सारख्या उंचीवर दिसतात का, एवढंच विचारा आणि उत्तर त्यांना काढू द्या.

पायऱ्या का पडतात, हे दगड हातात घेतल्यावर कळतं. लाव्हाच्या थराचा मधला भाग सावकाश थंड होतो, म्हणून तो घट्ट, काळा आणि टणक असतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे चढून अडकलेले असतात, म्हणून तो सच्छिद्र आणि ठिसूळ असतो. विहिरी खणणारे याच मऊ दगडाला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कधीकधी विटकरी लाल पट्टा दिसतो. टणक भागाचा कडा होतो, मऊ भागाचा उतार होतो. पावसाचं पाणी टणक दगडातल्या भेगांतून खाली उतरतं, पाणी सहज न सोडणाऱ्या थराशी अडतं, आडवं सरकतं आणि उतारावर पाझर म्हणून बाहेर येतं. एप्रिलमध्ये सगळा डोंगर पिवळा असताना एखाद्या उंचीवर झाडांची हिरवी आडवी रेघ दिसली, तर तिथे दोन थरांचा सांधा असण्याची शक्यता बरीच. सिंहगडाच्या पायथ्याहून वर पाहतानाही हे शोधता येतं.

दगड ओळखताना एक चूक ठरलेली असते: मुलं दगडाचा बाहेरचा रंग लिहितात. बाहेरचं कवच विदारणामुळे, म्हणजे दगड जागच्या जागी कुजल्यामुळे, तपकिरी झालेलं असतं, कारण दगडातल्या लोहाला हवा-पाण्याने गंज चढतो. ताजा फुटलेला पृष्ठभाग पाहिल्याशिवाय नोंद करायची नाही. हातोडा फक्त शिक्षकांच्या हातात, डोळ्यांवर गॉगल, आणि फोडायचा तो वाटेवरचा सुटा दगड. जागच्या खडकाला हात लावायचा नाही. फुटलेल्या बाजूला दहा पट भिंग लावलं की आत काळसर राखाडी, मध्ये मधाळ आणि कडेला तपकिरी अशा पट्ट्या दिसतात. हवा-पाणी किती आत पोहोचलं, ते त्या पट्ट्या सांगतात.

खाणीत किंवा रस्ता कापलेल्या दरडीत कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटणारे गोल धोंडे आढळतात. इथे थांबा, घाई करू नका. पाण्याने घासून हे गोल झाले, असं मुलं म्हणतील. तसं नाही. लाव्हा थंड होताना आकसला, त्याला भेगा पडल्या आणि त्याचे चौकोनी ठोकळे झाले. भेगांत पाणी शिरलं. ठोकळ्याच्या सपाट बाजूवर पाणी एकाच दिशेने काम करतं, कडेवर दोन दिशांनी आणि कोपऱ्यावर तीन दिशांनी. म्हणून कोपरा सगळ्यांत आधी कुजतो, मग कड, आणि मध्ये गोल गाभा उरतो. हा दगड जागेवरून हललेलाही नाही. विदारण आणि झीज या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे समजवायला याहून चांगली जागा आम्हाला माहीत नाही. पाण्याने घासून काय होतं, ते पाहायचं तर पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे आहेत. तिथे भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनी याच काळ्या पाषाणात खोल खड्डे पाडले आहेत.

सच्छिद्र दगडाच्या पोकळ्यांत पांढरी खनिजं भरलेली असतात. मुलं प्रत्येक पांढऱ्या गोष्टीला गारगोटी म्हणतात. चाचण्या दोनच करा. लोखंडी खिळ्याने खनिज खरवडून त्या भुकटीवर लिंबाचा रस टाका. भिंगातून बारीक बुडबुडे दिसले तर ते कॅल्साइट. बुडबुडे नाहीत आणि खनिजाने काचेच्या तुकड्यावर चरा उमटला, तर क्वार्ट्झ, म्हणजे खरी गारगोटी. बुडबुडेही नाहीत आणि काचेवर चराही नाही, तर बहुधा झिओलाइट गटातलं एखादं खनिज. यात फसवणूक होते ती दगडावर बसलेल्या चुनखडीच्या पातळ थरामुळे: रस चुनखडीवर पडतो, फसफसतो आणि मुलं खनिजाला कॅल्साइट ठरवून मोकळी होतात. म्हणून आधी पुसा, खरवडा आणि मगच रस टाका. नमुने खिशात घालून आणू देऊ नका. फोटो आणि रेखाटन पुरतं.

होकायंत्र वापरणार असाल तर ते दगडावर ठेवून वाचू नका. बेसॉल्टमध्ये, म्हणजे याच काळ्या पाषाणात, मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, सुई भरकटते. कमरेच्या उंचीवर धरा आणि मोबाइल दुसऱ्याच्या हातात द्या.

आता माती आणि पाणी. दोन सकाळींपैकी एकच गोष्ट करता येणार असेल, तर ही करा. दहा सेंटिमीटर व्यासाचे तीन पत्र्याचे डबे घ्या, दोन्ही बाजूंनी उघडे. कापलेली कड घासून तिला चिकटपट्टी लावा, नाहीतर हात कापतात. जागा तीन: लोकांच्या पायाखालची वाट, उघडं गवत आणि गिरिपुष्पाच्या, म्हणजे उंदीरमारीच्या, झाडांखालची जमीन. डब्यावर आडवी लाकडी फळी ठेवून तो तीन ते पाच सेंटिमीटर ठोका आणि आत २०० मिलिलिटर पाणी ओता. या डब्यात एवढं पाणी म्हणजे २५ मिलिमीटर पाऊस. हा हिशेब मुलांकडूनच करून घ्या. डब्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण ७८.५ चौरस सेंटिमीटर, त्याला २.५ सेंटिमीटरने गुणलं की १९६ घन सेंटिमीटर येतात. पाणी मुरायला किती वेळ लागला, तो लिहा. दहा मिनिटांत मुरलं नाही, तर थांबा आणि उरलेल्या पाण्याची उंची पट्टीने मोजा.

हा प्रयोग बिघडतो तो दोन ठिकाणी. मुरुमावर डबा आत जात नाही आणि पाणी खालच्या कडेने बाहेर पळतं. मुलांना वाटतं, मुरलं. बाहेरून ओल्या चिखलाचा पाळा घाला आणि पाळ्याभोवतीची जमीन ओली होते का, ते पाहा. दुसरं, कोरडी माती पहिलं पाणी भराभर पिते. त्यामुळे पहिल्या ओतण्याचा वेळ धरायचा नाही. ते मुरल्यावर पुन्हा २०० मिलिलिटर ओता आणि तो वेळ नोंदवा. तिन्ही जागी दोनदा ओतणं झालंच पाहिजे, नाहीतर तुलना खोटी ठरते.

वाटेवर पाणी बहुधा तुंबून राहील. मग मुलांना पुढचं गणित द्या. वाट एक मीटर रुंद आणि शंभर मीटर लांब धरली, तर २५ मिलिमीटर पावसात तिच्यावर २५०० लिटर पाणी पडतं. त्यातलं जे मुरत नाही ते उताराने धावतं. ते कुठे जातं, ते चालत जाऊन पाहा. वाटेच्या खालच्या अंगाला घळ पडलेली असेल, झाडांची मुळं उघडी पडलेली असतील. पुढच्या वेळी मुलं शॉर्टकट मारताना विचार करतील, आणि त्यासाठी पाटी लावावी लागणार नाही.

तिन्ही जागांची मूठमूठ माती वेगवेगळ्या पिशव्यांत वर्गात आणा. काचेच्या बरणीत एक भाग माती, दोन भाग पाणी आणि चिमूटभर कपडे धुण्याची पावडर घालून जोरात हलवा. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळ बसायला दोन तास लागतात, चिकणमातीला दिवस किंवा त्याहून अधिक. बरणीवर प्रत्येक वेळी रेघ मारा. शेजारी खालच्या शेतातली काळी माती असलेली चौथी बरणी ठेवा. तिचं पाणी चार दिवसांनीही गढूळ असेल तर प्रयोग फसला असं समजू नका. त्या मातीत चिकणाचे कण तितके बारीक आणि तितके जास्त आहेत.

गवताकडे येऊ. चार मीटर सुतळीला दर मीटरला गाठ मारून टोकं बांधा, चार खुंट्या लावा. एक चौरस मीटरची चौकट तयार. चौकट कुठे टाकायची हे मुलांवर सोडलं, तर ती फुलांवरच पडते आणि आकडे फुगतात. म्हणून चिठ्ठ्या काढा: एका चिठ्ठीवरच्या आकड्याइतकी पावलं पूर्वेला, दुसरीवरच्या आकड्याइतकी उत्तरेला, आणि जिथे थांबाल तिथे चौकट. वनस्पतींची नावं येत नसतील तर अडून बसू नका. अ, ब, क अशी खूण द्या, पानाचा आकार काढा आणि प्रत्येक प्रकार मोजा. नावं नंतर शोधता येतात. मोजणी मात्र तिथेच व्हायला हवी. उघड्या गवतात पाच चौकटी, गिरिपुष्पाखाली पाच. दर चौकटीत नवे प्रकार किती मिळाले ते लिहीत जा. चौथ्या-पाचव्या चौकटीत नवं काही मिळेनासं झालं, तर मोजणी पुरेशी झाली. मिळतच राहिलं, तर आणखी चौकटी हव्यात.

गिरिपुष्प हे मूळचं मध्य अमेरिकेकडचं झाड. भराभर वाढतं म्हणून पुण्याच्या टेकड्यांवर ते मोठ्या प्रमाणात लावलं गेलं. त्याच्याखाली काय उगवतं आणि काय उगवत नाही, हे आधी सांगू नका. दोन्हीकडचे आकडे शेजारी लिहा आणि फरक कशामुळे पडला असेल, यावर मुलांना वाद घालू द्या. सावली, पानांचा थर, माती, गुरं: चारही कारणं तपासण्याजोगी आहेत.

याच ठिकाणी आपल्याकडे एक स्पष्ट विनंती. सहलीत बीजगोळे फेकण्याचा कार्यक्रम ठेवू नका. हेतू चांगला असतो, फोटोही चांगले येतात. पण गवताळ टेकडी म्हणजे झाडं नसलेलं रान नव्हे. ती स्वतंत्र परिसंस्था आहे. टिटवी आणि चंडोल जमिनीवरच घरटं करतात. त्यांना उघडं गवत लागतं. दहा-पंधरा सेंटिमीटर मातीच्या खाली मुरूम असलेल्या जागी गवताचं मूळ जे काम करतं, ते तिथे न टिकणारं रोप करू शकत नाही. फेकलेलं बहुतेक बी वाळतं किंवा मुंग्या-उंदरांच्या पोटात जातं. आणि जे जगतं ते त्या जागेचं असेलच, असंही नाही. कास पठारासारख्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे सपाट खडकाळ माथ्यांवर, तर हे आणखी घातक आहे. तिथल्या पातळ, नत्र कमी असलेल्या मातीवरच दवबिंदू आणि सीतेची आसवं यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती टिकून आहेत. जागा सुधारण्याच्या नावाखाली आपण तिचं वैशिष्ट्यच घालवतो. मुलांना झाडं लावायचीच असतील, तर शाळेच्या आवारात लावा आणि तीन उन्हाळे पाणी घाला.

अन्नसाखळी शिकवताना गवत, टोळ, सरडा, गरुड हे पाठ म्हणवून घेऊ नका. पुरावे गोळा करायला सांगा: कुरतडलेलं पान, विष्ठा, पीस, कोळ्याचं जाळं, वाळक्या सालीवर वाळवीने चढवलेली माती. वाळवी वह्यांमध्ये जवळजवळ कधीच येत नाही. कोरड्या टेकडीवर मेलेलं लाकूड आणि गवत पुन्हा मातीत मिसळण्याचं मोठं काम तिचं असतं. वर्षभर ओल नसल्याने बुरशीला इथे तेवढा वाव मिळत नाही.

दगड उलटायचा तर शिक्षकांनीच. पलीकडची कड धरून आपल्याकडे उचलायचा, म्हणजे खाली विंचू किंवा फुरसं असलं तर त्याला पलीकडे निघायला वाट मिळते आणि मध्ये दगडाची आड राहते. पाहून झालं की होता तसाच परत ठेवायचा. सर्पदंश झाला तर आवळपट्टी नाही, कापणं नाही. मुलाला न चालवता थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. ते कुठलं, हे निघायच्या आधीच फोन करून विचारून ठेवा. कड्याला किंवा उंच झाडाला आग्या मोहोळ असेल तर तिथे गोंगाट नाही, धूर नाही, अत्तर नाही. ऑक्टोबर आणि एप्रिल हे दोन्ही महिने गडगडाटी पावसाचे. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा माथा आणि एकटं झाड सोडून खाली पक्क्या इमारतीत या, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. एप्रिलमध्ये टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली की पावलं मागे घ्या, तिचं घरटं जवळ आहे.

चाळीस मुलांच्या वर्गाला पाच-पाचचे आठ गट आणि चार मोठी माणसं हवीत. सकाळी पावणेसातला सुरुवात, साडेदहाला खाली. पेन नको, पेन्सिल हवी. ओल्या कागदावर शाई पसरते. पाऱ्याचा तापमापक आणू नका, स्वयंपाकघरात वापरतात तसला स्टीलच्या दांडीचा डिजिटल चालतो. तो वाटेवर आणि गवताखाली पाच सेंटिमीटर खोल खुपसून दोन्ही तापमानं लिहा. एप्रिलमधला फरक पाहून मुलं स्वतःच पुन्हा मोजून घेतात. जागा वनविभागाच्या ताब्यात असेल तर लेखी परवानगी काढा.

पावसाच्या नोंदीसाठी शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवा. पुण्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि पन्नासेक किलोमीटर पश्चिमेला ताम्हिणीत पाच हजारांच्या वर. तीच हवा आणि तोच काळा पाषाण असून तिथे सदाहरित जंगल आणि इथे कुसळी गवत का, हा प्रश्न आपल्या आकड्यांच्या आधाराने विचारला की पर्जन्यछाया वेगळी शिकवावी लागत नाही.

‘अभ्यासक्रम कधी पुरा करायचा?’ ही अडचण आम्हाला ठाऊक आहे. खडकांचे प्रकार, विदारण, झीज, मृदा, भूजल, परिसंस्था, क्षेत्रफळ आणि घनफळ, सरासरी: एवढे घटक या दोन सकाळींत होतात. ते तास भूगोल, विज्ञान आणि गणित यांच्या वेळापत्रकातून वाटून घ्या.

आणि एक जाड नोंदवही करा. ती शिक्षकांच्या घरी नको, प्रयोगशाळेच्या कपाटात असू द्या. बदली झाली की नोंदी शिक्षकांबरोबर जातात आणि पुढच्या वर्गाला पहिल्यापासून सुरू करावं लागतं. तारीख, जागेची खूण, मुरण्याचा वेळ, चौकटीतले प्रकार, मातीचं तापमान आणि वणवा लागला असल्यास त्याची नोंद एवढे रकाने पुरेत. पहिल्या पानावर तिन्ही जागांचा नकाशा काढा आणि जवळच्या न हलणाऱ्या खडकापासून पावलांनी अंतर लिहा, कारण खुंट्या वर्षभरात नाहीशा होतात.

ऑक्टोबरची तारीख दिवाळीच्या सुट्टीच्या आधीची धरा. सुट्टीनंतर गवत वाळून कुसळं कपड्यांत शिरतात, फुलं गेलेली असतात आणि चौकटीत ओळखण्यासारखं फारसं उरत नाही.

आपले,
भूशास्त्र आणि परिसंस्था या विषयांच्या क्षेत्रभेटी घेणारे शिक्षक